सरासरी मंडळाची, नुकसान शेताचे

खरिपाची कापणी आटोपत आली की सेलू तालुक्यातील चावडीवर, तहसील कचेरीत आणि बाजार समितीच्या आवारात दोन प्रश्न हमखास कानी पडतात. पहिला शेतकऱ्याचा असतो : माझ्या शेतात काय उरले? दुसरा शासनाचा आणि विमा कंपनीचा असतो : या मंडळात हेक्टरी सरासरी किती पिकले? दोन्ही प्रश्नांत पीक तेच, हंगाम तोच आणि पाऊसही तोच. त्यामुळे दोहोंचे उत्तरही एकच असावे अशी समजूत सहज होते. वास्तविक हे दोन प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. दरवर्षी निवेदने, धरणे आणि मोर्चे यांतून जो संताप प्रकट होतो, त्याचा बराचसा भाग एका प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले गेल्यामुळे निर्माण झालेला असतो. भ्रष्टाचार, दिरंगाई, कंपन्यांची नफेखोरी यांची चर्चा पुष्कळ होते आणि ती व्हावीही; परंतु सर्व कर्मचारी प्रामाणिक आणि सर्व कागद चोख असले तरी जो अन्याय शिल्लक राहील, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

संख्याशास्त्रीय प्रश्न कोणता आणि तसा नसलेला कोणता, हे ओळखण्याची कसोटी तशी सोपी आहे. सेलूहून परभणी किती किलोमीटर आहे, या प्रश्नाचे उत्तर एक आकडा आहे. तो शंभर जणांना विचारला तरी बरोबर उत्तर एकच. सेलूहून परभणीकडे जाणाऱ्या गाडीला उशीर किती होतो, हा प्रश्न मात्र निराळा. सोमवारचे उत्तर वेगळे, मंगळवारचे वेगळे, पावसाळ्यातले आणखी वेगळे. येथे एका निरीक्षणाने काम भागत नाही. पुष्कळ दिवसांच्या नोंदी घ्याव्या लागतात आणि उत्तरही सरासरी, कमाल, किमान अशा भाषेत द्यावे लागते. उत्तरांत भिन्नता असणार हे ज्या प्रश्नात आधीच गृहीत धरलेले असते, तो संख्याशास्त्रीय प्रश्न. ‘आजची गाडी किती मिनिटे उशिरा आली?’ असे विचारले की तोच प्रश्न पुन्हा साधा होतो. आकडा आला म्हणजे प्रश्न संख्याशास्त्रीय झाला, हा सुशिक्षितांतही रूढ असलेला भ्रम या एका उदाहरणाने दूर व्हावा.

आता शेताकडे वळू. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपल्याकडे म्हणतात, आणि ती म्हण खोटी नाही. भात एका भांड्यात, एका आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. म्हणून एक शीत चेपून पाहिले तरी चालते. सेलू तालुक्याचे शिवार असे एका भांड्यात शिजत नाही. दुधनेच्या काठची खोल काळी जमीन आणि माळावरची मुरमाड, हलकी जमीन यांच्यात एकाच गावात दोन पिकांचा फरक पडतो. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एका शेतात कापूस गुडघाभर आणि दुसऱ्यात कमरेएवढा असतो. शेजारी कोणी विहिरीचे एक पाणी दिले, कोणी पंधरा दिवस उशिरा पेरले, कोणाचे दुबार पेरणीचे बियाणेच उगवले नाही. तेव्हा ‘वालूरला सोयाबीन किती पिकले?’ हा प्रश्न प्रकृतीनेच संख्याशास्त्रीय आहे. ‘अमक्या गटात किती पिकले?’ हा नाही. तेथे काटा लावला की उत्तर मिळते.

शासनाला ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. आणेवारीची पद्धत हीच तिची साक्ष होय. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक, हा वाक्प्रचार त्याच हिशेबातून बोलीत उतरला. पुढे आण्याची जागा पैशाने घेतली आणि पन्नास पैशांच्या खाली की वर, या रेषेवर गावाचे नशीब ठरू लागले. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम असे तिचे तीन टप्पे मराठवाड्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. यातील ‘नजरअंदाज’ हा शब्द मोठा बोलका आहे : नजरेने केलेला अंदाज. संपूर्ण गावाच्या भिन्नतेचा प्रश्न बांधावरून टाकलेल्या एका नजरेने सोडवायचा, असा त्याचा अर्थ होतो. केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळ ठरविण्याचे नवे निकष आणले आणि पाऊस, जमिनीतील ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती यांना त्यांत स्थान मिळाले. तरी पैसेवारीचे नाव गावकऱ्यांच्या तोंडून गेलेले नाही.

नजरेच्या जागी काटा आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची पद्धत उभी केली. गट चिठ्ठ्यांप्रमाणे यादृच्छिक संख्यांनी निवडायचा, गटातील तुकड्याची जागाही तशीच ठरवायची, ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापून, मळून, तोलायचे आणि अशा अनेक तुकड्यांवरून प्रदेशाचे उत्पन्न काढायचे, असा तिचा सांगाडा आहे. त्याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापून हेच काम करीत होते. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येते; कारण कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो. लहान तुकड्यात कडच अधिक असते. हा वाद वरकरणी दोन विद्वानांच्या तांत्रिक मतभेदाचा वाटेल. पण पिकाची आकडेवारी किती फुगते आणि त्यावर धान्याचे धोरण कसे आखले जाते, याच्याशी त्याचा थेट संबंध होता. पानसे आणि सुखात्मे यांचा १९५४ चा ग्रंथ कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. परभणीच्या कृषी विद्यापीठात या विषयाशी झटापट केलेले कितीतरी पदवीधर आज याच तालुक्यात कृषी खात्याच्या नोकरीत असतील.

पद्धत सुखात्म्यांची, तर तिच्यावर विम्याची इमारत उभारण्याची कल्पना आणखी एका मराठी अर्थशास्त्रज्ञाची. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली पीक विम्यासंबंधी मांडणी केली, तेव्हा एक फसलेला प्रयोग सर्वांच्या समोर होता. १९७२ पासून गुजरातेत एच-४ कापसासाठी आणि मग इतर काही राज्यांत व पिकांसाठी प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजून भरपाई देण्याची योजना चालविण्यात आली. १९७८-७९ पर्यंत तिच्यात अवघे ३,११० शेतकरी आले; हप्ता जमला सुमारे साडेचार लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली सुमारे अडतीस लाख. प्रत्येक शेताची पाहणी करायची तर खर्च परवडत नाही, आणि भरपाई स्वतःच्या पिकावर अवलंबून असेल तर निष्काळजी माणसालाच तिचा लाभ होतो, ही अडचण दांडेकरांनी ओळखली. त्यांचा तोडगा असा की शेताचा प्रश्न विचारूच नये, क्षेत्राचा विचारावा. क्षेत्राची सरासरी घसरली तर त्यातील सर्व विमेदारांना सारख्याच प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना या साऱ्यांचा कणा हाच आहे.

दांडेकरांचा युक्तिवाद तर्काला धरून होता. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. तथापि त्यात एक अट गर्भित होती, आणि तिच्याकडे आज दुर्लक्ष होत आहे. क्षेत्राची सरासरी ही शेतकऱ्याच्या नशिबाची बरी प्रतिनिधी तेव्हाच ठरते, जेव्हा त्या क्षेत्रातील सर्वांचे नशीब थोडेफार एकाच दिशेने फिरते. दुष्काळात तसे होते. १९७२ च्या दुष्काळाने काळ्या जमिनीलाही सोडले नाही आणि मुरमाड जमिनीलाही नाही. पाऊसच नाही म्हटल्यावर भेदाभेद उरला कोठे? अतिवृष्टीचे तसे नसते. नदीकाठचे शेत चार दिवस पाण्याखाली राहते, माती खरवडून जाते, उभे सोयाबीन कुजते; आणि अर्ध्या कोसावरच्या उताराच्या शेतात पाणी निचरून गेल्यामुळे पीक चांगले येते. दुष्काळात सरासरी पडते आणि सर्वांना घेऊन पडते. पुरात सरासरी फारशी हलत नाही. तिच्या पोटातील अंतर मात्र वाढते. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, हे समीकरण मनात धरून जी पद्धत स्वीकारली गेली, तिच्यावर २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीसारखी आपत्ती आली की ती अपुरी पडणार हे उघड आहे.

हे आकड्यांत मांडून पाहावे. समजा, दोन मंडळे आहेत आणि विम्याच्या हिशेबातील उंबरठा उत्पन्न दोन्हीकडे हेक्टरी १० क्विंटल आहे. पहिल्या मंडळातील दहा पीक कापणी प्रयोगांत हेक्टरी ८, ९, १०, ९, ८, १०, ९, ९, ८ आणि १० क्विंटल उत्पन्न निघाले. दुसऱ्या मंडळात १७, १६, १, ०, १५, २, १६, १, १७ आणि ५ निघाले. दोन्ही ठिकाणी बेरीज ९० आणि सरासरी ९. उंबरठ्यापेक्षा एक क्विंटल कमी, म्हणून दोन्ही मंडळांतील प्रत्येक विमेदाराला विमा रकमेच्या दहा टक्के भरपाई मिळेल. पहिल्या मंडळात हा न्याय झाला असे म्हणता येईल. दुसऱ्यात ज्याच्या शेतात दाणाही आला नाही त्यालाही दहा टक्के आणि ज्याने सतरा क्विंटल घरी नेले त्यालाही दहा टक्के. त्यातही एक गंमत आहे. सरासरीऐवजी मध्यक काढला तर दुसऱ्या मंडळाचा मध्यक बरोबर १० येतो, म्हणजे नुकसान शून्य! दहापैकी पाच तुकडे जवळजवळ बुडालेले असताना हे घडते. दहावीच्या विद्यार्थ्याला मध्य, मध्यक आणि बहुलक यांची सूत्रे पाठ असतात. या दहा आकड्यांपुढे बसून त्याने ती एकदा वापरून पाहावीत.

ही उणीव योजनेच्या कर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. म्हणूनच २०१६ च्या योजनेत गारपीट, ढगफुटी, शेत पाण्याखाली जाणे अशा स्थानिक आपत्तींसाठी प्रत्येक शेताची स्वतंत्र पाहणी ठेवली होती; शेतकऱ्याने ७२ तासांत कळवावे, मग पाहणी व्हावी, असा तो नियम. म्हणजे एका योजनेत दोन्ही जातींचे प्रश्न शेजारी शेजारी नांदत होते. त्या पाहणीत गैरप्रकार झाले, तक्रारी झाल्या, हे खरे. परंतु २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने, एक रुपयात विमा बंद करताना, हा शेताचा प्रश्नच योजनेतून वगळला आणि केवळ पीक कापणी प्रयोगांवर आधारित भरपाई ठेवली. नेमक्या त्याच हंगामात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. योगायोग म्हणावा तर तो फार महागात पडलेला योगायोग आहे.

याच्या उलट बाजूची चूकही शासन तितक्याच सहजपणे करते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी समजायची, हा संकेत सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘मंडळात पाऊस किती पडला?’ हा प्रश्न संख्याशास्त्रीय आहे, कारण पाऊस गावागणिक बदलतो. पळसाच्या एका बाजूला पडतो आणि दुसऱ्या बाजूला पडत नाही, असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याला हवामानशास्त्र शिकवावे लागत नाही. पण त्याचे उत्तर देणारे यंत्र मंडळात एकाच जागी असते. महावेध प्रकल्पाने राज्यातील दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली, ही प्रगती निश्चित मोठी आहे. पूर्वी तालुक्याला एक पर्जन्यमापक असे. तरीही त्या यंत्राचे तोंड फार तर वीतभर रुंद असते आणि त्यात पडलेल्या थेंबांवर डझनावारी गावांचा निवाडा होतो. यंत्रात ६४ मिलिमीटर आणि चार कोसांवर शंभर, असे झाले तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्याच्या भांड्याचा उल्लेख आहे आणि अश्मक, अवंती अशा निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान वेगवेगळे सांगितले आहे. गोदावरीकाठचा अश्मक देश सेलूपासून फार दूर नव्हे. प्रदेशागणिक पाऊस भिन्न असतो ही जाण इतकी जुनी असताना, मंडळाच्या आतील भिन्नता मात्र एका भांड्यात मावते असे मानले जाते.

कारकून आणि तलाठी यांच्या कामाकडे पाहिले तर हाच गोंधळ आणखी एका रूपाने दिसतो. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. पंचनामा एका शेताचा असतो, म्हणून प्रश्न साधा, उत्तर एक, असे वाटते. पण त्याच शेतात तीन कर्मचारी तीन दिवशी गेले तर एक ३० म्हणेल, दुसरा ४० आणि तिसरा ३५. शेत एकच असले तरी मोजणाऱ्यांच्या नजरा भिन्न आहेत. म्हणजे साध्या प्रश्नाच्या पोटातही भिन्नता शिरली. ३३ च्या रेषेजवळ असलेल्या शेतकऱ्याचे पैसे कोणाची नजर आली यावर ठरतात. दोष कर्मचाऱ्याचा नाही. त्याला एका दिवसात जितकी शेते पाहावयास सांगितली जातात, तितकी पाहताना त्याने कोणाची पाने मोजावीत?

शिक्षकांना याचे प्रत्यंतर २०११ च्या ऑक्टोबरमधील पटपडताळणीत आले. तीन दिवस राज्यभर विद्यार्थ्यांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली. बोगस पट उघड करण्यासाठी ही मोजणी आवश्यक होती, आणि ‘या दिवशी या शाळेत किती मुले हजर आहेत?’ हा प्रश्न साधा असल्याने त्याचे उत्तरही निर्विवाद मिळाले. मात्र ‘या शाळेत मुले किती येतात?’ हा प्रश्न त्या तीन दिवसांनी सुटत नाही. कापसाच्या वेचणीला मुले घरी राहतात, ऊसतोडीला कुटुंबे गाव सोडतात, पोळ्यानंतरचा आठवडा आणि परीक्षेपूर्वीचा आठवडा सारखे नसतात. हजेरीपटात हे सर्व वर्षानुवर्षे लिहिलेले आहे आणि कपाटात पडून आहे.

दहावीच्या गणितात सांख्यिकीचे प्रकरण आहे आणि त्यातील उदाहरणे मुले उत्तम सोडवितात. मात्र तेथे वारंवारता सारणी तयार मिळते. प्रश्न कोणी ठरविला, कशासाठी ठरविला आणि तो कोणत्या जातीचा आहे, हे विचारण्याची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही. सेलूसारख्या गावात शिक्षणाची परंपरा मोठी आहे. येथील शिक्षकांनी पुस्तकातल्या सारणीऐवजी गेल्या वर्षीचा हजेरीपट, स्थानकावरील गाडीच्या उशिराच्या नोंदी किंवा आसपासच्या वीस शेतांचा सोयाबीनचा उतारा वर्गात आणला, तर मुलांना आधी प्रश्न घडवावा लागेल आणि मग सरासरी काढावी लागेल. शेतकऱ्याच्या घरातील मूल हे शिकले तर विमा कंपनीचे पत्र वाचून त्यातील ‘सरासरी उत्पन्न’ या शब्दांवर ते बोट ठेवील.

शासनाकडे मागणी करण्यासारख्या गोष्टीही यातूनच निघतात आणि त्या अवाजवी नाहीत. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमुख पिकांसाठी विम्याचे क्षेत्र गाव किंवा ग्रामपंचायत असावे असे सांगितले होते; महाराष्ट्राने महसूल मंडळ धरले. मंडळासाठी किमान दहा प्रयोग पुरेत असे म्हणताना, जेथे जमिनी आणि पाऊस अधिक भिन्न आहेत तेथे अधिक तुकडे कापले पाहिजेत, हा संख्याशास्त्राचा प्राथमिक नियम बाजूला राहतो. दुधनाकाठची गावे आणि माळावरची गावे एका मंडळात टाकायची आणि प्रयोगांची संख्या मात्र सपाट मैदानाइतकीच ठेवायची, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. यासाठी खर्च लागेल, मनुष्यबळ लागेल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मंडळाची सरासरी जाहीर करताना तिच्यासोबत प्रत्येक प्रयोगाचा आकडा, गाव आणि जमिनीचा प्रकार ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयास एक कागद पुरतो. तुकडे कोणत्या गटात निवडले गेले, नदीकाठचे त्यांत किती आणि उतारावरचे किती, हे समजल्याशिवाय सरासरीवर विश्वास ठेवा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. सेलू परिसरात सोयाबीनची कापणी सप्टेंबरअखेर सुरू होते. ग्रामसभांना ठराव करावयाचे असतील तर ते त्यापूर्वी करावे लागतील. तुकडा एकदा कापून, मळून, तोलून झाला की तो पुन्हा मोजता येत नाही.